आधी पंखा बंद करा : घरातल्या रिमोट हेलिकॉप्टरची सुरुवात

राजाराम बंधारा पाण्याखाली गेल्याची बातमी आली, की कोल्हापुरात पावसाळा खरा लागला असं आम्ही धरतो. फुटबॉलवाल्यांना त्याचं काही नसतं, ते चिखलातही खेळतात. पण ज्याला काहीतरी उडवायचा नाद आहे, त्याला महिना-दीड महिना घरातच बसावं लागतं. मला हेलिकॉप्टरचा नाद अशाच एका पावसाळ्यात लागला, आणि पहिलं हेलिकॉप्टर वीस सेकंदांत संपलं. थ्रॉटल (रिमोटवरची पात्यांच्या वेगाची स्टिक) पूर्ण वर, आणि छताला पंखा फुल्ल स्पीडवर. पात्याचा एक तुकडा देव्हाऱ्यात मिळाला, दुसरा अजून सापडायचाय.

त्यानंतर बऱ्याच जणांना शिकवलं. सध्या सातवीतला भाचा शिकतोय. सगळे चुकतात ते त्याच चार-पाच ठिकाणी, म्हणून हे लिहून ठेवतोय. हेलिकॉप्टर वर न्यायला काही शिकावं लागत नाही. स्टिक ढकलली की ते जातंच. शिकायचं ते त्याला एका जागी थांबवायला. घरातली दोन बाय दोनची फरशी हे आपलं माप. सुरुवातीला चार फरश्यांचा चौक धरायचा, कमरेच्या उंचीला अर्धा मिनिट त्या चौकाबाहेर जायचं नाही. हे जमेपर्यंत गोल फिरवणं, सोफ्याखालून काढणं, टीव्हीवर उतरवणं, सगळं बंद.

कोणतं घ्यायचं

नवरात्रात देवळाच्या आसपास किंवा जोतिबाच्या यात्रेत जी हेलिकॉप्टरं मिळतात, हात खाली धरला की वर उडणारी, ती खेळणी म्हणून झकास आहेत. पण त्यांच्यावर शिकता येत नाही, कारण त्यात चालवायचंच काही नसतं. दोन चॅनेलचं, म्हणजे दोनच हालचाली आपल्या हातात असलेलं, घेतलं तरी तीच गत. वर-खाली होतं, डावी-उजवीकडं वळतं, पण पुढं किती जायचं ते त्याचं तेच ठरवतं.

पहिलं हेलिकॉप्टर तीन चॅनेलचं, एकावर एक दोन रोटर (फिरणाऱ्या पात्यांचे संच) असलेलं घ्या. अशा रचनेला कोअ‍ॅक्सिअल म्हणतात. एक रोटर घड्याळाच्या दिशेनं फिरतो, दुसरा उलट. एकच रोटर असता तर त्याच्या फिरण्यानं अंगच उलटं गरगरलं असतं. इथं दोघांचा पीळ एकमेकांत जिरतो. वळायचं असलं की एका रोटरचा वेग थोडा वाढवायचा, दुसऱ्याचा कमी करायचा, झालं. आपल्या नौदलाकडं असलेली रशियन बनावटीची कामोव्ह हेलिकॉप्टरं याच पद्धतीची आहेत, म्हणून त्यांच्या शेपटीला उभा पंखा नसतो. खेळण्यातल्या तीन चॅनेलवाल्याच्या शेपटीवर जो चिमुकला पंखा दिसतो, तो आडवा असतो. तो शेपूट उचलतो किंवा दाबतो, त्यानं नाक खाली-वर होतं आणि हेलिकॉप्टर पुढं-मागं जातं.

सगळ्यात वरती, पात्यांना तिरकी बसवलेली आणि दोन टोकांना वजनं असलेली एक दांडी असते. तिला फ्लायबार म्हणतात, दुकानदार ‘बॅलन्स बार’ म्हणतो. ती भोवऱ्यासारखी आपली पातळी सोडायला बघत नाही, आणि हेलिकॉप्टर कलंडायला लागलं की वरच्या पात्यांचा कोन बदलून त्याला सरळ करते. नवशिक्याचं निम्मं काम ही दांडी करते.

सायमा कंपनीचं एस१०७ हे या जातीतलं सगळ्यात ओळखीचं नाव. वीतभर लांबी, धातूचा सांगाडा, आत जायरो (गिरकी ओळखून आवरणारा सेन्सर), १५० एमएएचची बॅटरी. बाजारात त्याच्या नकला भरपूर आहेत आणि त्यातल्या काही बऱ्याही उडतात. विकत घेताना मी खोक्यापेक्षा एकच गोष्ट बघतो : पाती, फ्लायबार, गिअर आणि छोटे जोडणीचे तुकडे सुटे मिळतात का? मिळत नसतील तर ते हेलिकॉप्टर एका आदळण्यापुरतंच आहे. पोरासाठी घेत असाल तर आयएसआय मार्कही बघा. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर तो १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक आहे.

हल्ली उंची आपोआप धरून ठेवणारी मॉडेलं आली आहेत. सी१२९, सी१८६ ही त्यातली. एकच मुख्य रोटर, पण आतला सेन्सर हवेचा दाब मोजून उंची राखतो. पहिल्या दिवशीच तरंगतं, पोरं खूश होतात. माझं मत मात्र वेगळं आहे. थ्रॉटलवरचा अंगठा हा या नादाचा पाया आहे आणि ही मॉडेलं तो तयारच होऊ देत नाहीत. शिवाय दार धाडकन लागलं की खोलीतला दाब हलतो आणि हे शहाणं हेलिकॉप्टर दचकल्यासारखं उडी मारतं. घरात फक्त गंमत करायची असेल तर खुशाल तेच घ्या.

खोली

दहा बाय बाराची खोली पुरते. जुन्या वाड्यातला सोपा असेल तर सोन्याहून पिवळं. माळवद उंच आणि मधे खाट-कपाट नाही. फ्लॅटमधला हॉल असेल तर टीपॉय बाहेर, पडदे बांधून वर, आणि पंखा बंद. नुसता बंद करू नका, पूर्ण थांबेपर्यंत थांबा. कूलर, एसी, उघडी खिडकी, सगळ्याचा झोत त्याला लागतो. ही हेलिकॉप्टरं पन्नास ग्रॅमच्याही आत असतात.

भिंतीचं एक लक्षात ठेवा. पाती हवा खाली फेकतात, ती भिंतीला लागून फिरते आणि हेलिकॉप्टर भिंतीकडं ओढल्यासारखं जातं. म्हणून भिंतीपासून हातभर तरी लांब राहायचं. खाटेवरून नेलं तर अचानक वर उचललं जातं, खाट संपली की पायरी चुकल्यासारखं खाली बसतं. यात तुमची चूक नसते, खालची जमीन बदललेली असते.

इन्फ्रारेडचा रिमोट असेल (एस१०७ चा तसाच आहे), तर खिडकीतून थेट ऊन येत असताना उडवू नका. उन्हातही इन्फ्रारेड असतो, त्यात रिमोटचा सिग्नल हरवतो आणि हेलिकॉप्टर मधेच खाली येतं. या बाबतीत आपला पावसाळा उपकारच करतो. आणि रिमोटचं तोंड हेलिकॉप्टरकडंच ठेवायचं, टीव्हीच्या रिमोटसारखं. दोघं एकदम उडवणार असाल तर एकानं ए, दुसऱ्यानं बी चॅनेल लावायचं (इथं चॅनेल म्हणजे हालचाल नव्हे, रिमोटच्या सिग्नलची निवड). आमच्याकडं दोघांनी ए लावलं होतं, तेव्हा एकाच्या स्टिकवर दुसऱ्याचं हेलिकॉप्टर नाचत होतं, आणि कारण कळेपर्यंत दोघांची भांडणं झाली.

बारकी पोरं आणि मांजर दाराबाहेर. लांब केस बांधलेले. उडतं हेलिकॉप्टर हातानं पकडायचं नाही. दोन रोटरवाल्याच्या पात्यानं बोटावर चटका बसतो एवढंच, पण ती सवय पुढच्या मोठ्या हेलिकॉप्टरवर महागात पडते.

चालू करायचा क्रम

थ्रॉटल पूर्ण खाली. आधी रिमोट चालू, मग हेलिकॉप्टर. बंद करताना उलट, आधी हेलिकॉप्टर. चालू केल्यावर ते सपाट फरशीवर ठेवून चार-पाच सेकंद हात लावायचा नाही. या वेळात जायरो ‘स्थिर म्हणजे काय’ ते ठरवतो. हातात धरून चालू केलं तर त्याला तुमच्या हाताची थरथरच स्थिर वाटते, आणि मग जमिनीवरून उठतानाच ते गिरक्या घ्यायला लागतं. शेपूट तुमच्याकडं, नाक पलीकडं. पहिले कित्येक दिवस हीच दिशा ठेवायची, म्हणजे तुमचं डावं तेच त्याचं डावं राहतं.

रिमोटवर डावी स्टिक वर-खाली म्हणजे उंची. उजवी स्टिक पुढं-मागं आणि डावी-उजवीकडं म्हणजे चाल आणि वळण. चार चॅनेलच्या रिमोटमध्ये वळण डाव्या स्टिकवर जातं आणि उजवी स्टिक चारी दिशांना सरकवते. या मांडणीला मोड टू म्हणतात. मोड वन नावाचीही मांडणी आहे. पुढं नवीन रिमोट घेताना ज्या मोडवर हात बसलाय तोच मागा. अंगठ्यांना नव्यानं शिकवणं हे पोहायला नव्यानं शिकण्यापेक्षा अवघड आहे.

चार फरश्या

भाच्यानं पहिल्या दिवशी केलं ते सगळेच करतात. भीत भीत थ्रॉटल दिला, हेलिकॉप्टर चार बोटं उचललं आणि फरशीवरून साबणासारखं घसरत सोफ्याला जाऊन धडकलं. परत तेच. तिसऱ्यांदा तेच. “मामा, हे खराब हाय. सरळ राहीनाच झालंय.”

खराब नव्हतं. जमिनीलगत पात्यांनी खाली फेकलेली हवा फरशीवर आपटून चहूबाजूंना पसरते आणि हेलिकॉप्टर आपल्याच हवेच्या उशीवर घसरत राहतं. पहिल्या वीतभर उंचीत कुणालाच ते स्थिर ठेवता येत नाही. म्हणून भीती वाटली तरी थ्रॉटल ठामपणे द्यायचा आणि गुडघ्याच्या वर न्यायचं. तिथं हवा शांत असते. तिथून कमरेपर्यंत, आणि तिथं थांबायचं.

थ्रॉटल म्हणजे बटण नव्हे, गॅसवर दूध ठेवल्यावर जशी आच सांभाळतो तसं. वर जायला लागलं की लगेच खाली ओढू नका, केसभर कमी करा आणि वाट बघा. हेलिकॉप्टर तुमचं ऐकायला अर्धा सेकंद घेतं. नवशिका त्या अर्ध्या सेकंदात दुसरा हुकूम देतो, मग तिसरा, आणि हेलिकॉप्टर लिफ्टसारखं वर-खाली करत बसतं.

कमरेच्या उंचीला आल्यावर उजव्या अंगठ्यानं काहीच न करता बघा. आपोआप डावीकडं फिरतंय? तर ट्रिमचं बटण उजवीकडं एक-एक टिचकीनं सरकवा, फिरणं थांबेपर्यंत. ट्रिम जमिनीवर असताना लावायचा नाही, हवेतच लावायचा. बॅटरी उतरत आली की तो पुन्हा थोडा हलतो, त्यात घाबरण्यासारखं नाही.

तीन चॅनेलवाल्याला बाजूला सरकता येत नाही. ते डावीकडं वाहत गेलं तर नाक उजवीकडं वळवून थोडं पुढं यायचं, मग नाक परत सरळ. म्हणूनच एका फरशीऐवजी चार फरश्यांचा चौक धरायचा. वाटतं सोपं, पण पहिले सात-आठ दिवस कपाळाला घाम येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे पाठ करायचं : कशालाही लागलं, की थ्रॉटल शून्य. भिंत, पडदा, सोफा, माणूस, काहीही. हात आपोआप उलटं करतात, पडायला लागलं की वाचवायला थ्रॉटल वर ढकलतात. अडकलेली पाती आणि पूर्ण ताकदीनं फिरू पाहणारी मोटर यांच्या मधे प्लॅस्टिकचा गिअर असतो. त्याचे दात जातात, नाहीतर मोटर जळते. भाच्याला मी पहिली बॅटरी नुसतं हेच करायला लावलं. उडव, मी “सोड!” म्हटलं की थ्रॉटल खाली. त्याला कंटाळा आला, मला नाही. तीन महिन्यांत त्याच्या हेलिकॉप्टरचा गिअर एकदाही बदलावा लागलेला नाही.

उतरवताना गुडघ्यापर्यंत हळू या, शेवटच्या वीतभरात रेंगाळू नका. तिथं तीच घसरण असते. चार बोटं उरली की थ्रॉटल सोडा, ते पायांवर बसतं.

नाक तुमच्याकडं

चार फरश्या जमल्या की खरी परीक्षा. हेलिकॉप्टर वळवून त्याचं नाक आपल्याकडं केलं, की सगळं उलटं होतं. स्टिक पुढं ढकलली की ते तुमच्याकडं येतं. डावीकडं वळवलं की तुमच्या उजवीकडं जातं.

“मामा, हे माझ्याच अंगावर यालंय!”

एकदम पूर्ण वळवू नका. आधी नाक थोडं तिरकं ठेवून थांबायचा सराव, मग पूर्ण आडवं, डावीकडं आणि उजवीकडं दोन्ही. एक बाजू नेहमी सोपी वाटते. अवघड बाजूला दुप्पट वेळ द्या. सुरुवातीला हेलिकॉप्टर वळलं तसं स्वतःचं अंगही वळवत, मान तिरकी करत त्याच्या मागं राहिलं तरी चालतं. बघणारे हसतात, हसू द्या. हळूहळू शेपटीकडं बघणं सोडून नाकाकडं बघायला लागा आणि मनानं आत बसा. आपण आत बसलोय तर आपलं डावं कुठलं, एवढंच विचारायचं. दिशा हरवली तर अंदाजानं स्टिक मारू नका. थ्रॉटल हळूहळू कमी करून आहे तिथं उतरवा.

यावर माझे स्वतःचे पंधरा-वीस दिवस गेले. रोज चार-पाच बॅटऱ्या. एकदा ते बसलं की इंग्रजी आठचा आकडा घालणं दोन दिवसांचं काम.

बॅटरी

आत असते ती लिथियम पॉलिमर, लिपो. नाव ३.७ व्होल्टचं, पूर्ण भरली की ४.२. सहा ते आठ मिनिटं उडते आणि भरायला पाऊण तासाच्या आसपास लागतो. हा पाऊण तास जीवावर येतो, पण मोटरी निवायलाही तेवढा लागतोच. उतरल्याबरोबर चार्जिंगला लावू नका, दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या.

थ्रॉटल पूर्ण देऊनही वर जाईना झालं की बॅटरी संपली असं समजायचं आणि थांबायचं. आणखी एक फेरी म्हणून पिळून काढली की लिपो कायमची कमजोर होते. तीन व्होल्टच्या खाली गेलेली बॅटरी बऱ्याचदा परत उठत नाही. उलट, पूर्ण भरून महिनाभर कपाटात ठेवणंही वाईट. काही दिवस उडवायचं नसेल तर अर्धवट भरलेली ठेवा, कोरड्या जागी.

चार्जिंग उघड्या फरशीवर करायचं. गादीवर नाही, सोफ्यावर नाही, रात्री झोपताना तर नाहीच. सोबत आलेलीच चार्जिंगची वायर वापरा. बॅटरी फुगली असेल तर तिचा मोह सोडा. टोचू नका, दाबू नका, ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या.

दुरुस्ती

उद्यमनगरातल्या कारखान्यांत वाढलेल्या माणसाला स्क्रू कचकून आवळायची सवय असते. मी त्यातलाच. इथं ती सवय नडते. पात्यांचे स्क्रू घट्ट आवळायचे नसतात. हेलिकॉप्टर आडवं धरलं की पाती आपल्या वजनानं सावकाश खाली झुकली पाहिजेत. घट्ट असतील तर फिरताना ती आपली जागा स्वतः घेऊ शकत नाहीत आणि अख्खं हेलिकॉप्टर थरथरतं.

थरथर आली की क्रमानं बघा. पात्याचं टोक चिरलंय का? चिरलेलं पातं फेविक्विकनं चिकटवू नका, एका बाजूला वजन वाढून आणखी हलेल, जोडी बदला. वरच्या आणि खालच्या रोटरची पाती वेगळी असतात, त्यांवर ए-बी अशी खूण असते, ती बघूनच लावा. फ्लायबार त्याच्या खाचेतून सुटलाय का? आदळल्यावर सगळ्यात आधी तोच निसटतो, आणि बऱ्याचदा नुसता दाबून परत बसतो. तेही ठीक असेल तर मधला दांडा वाकलाय. तो काढून काचेवर लोळवला की कळतं.

हेलिकॉप्टर एकाएकी आळशी झालं, तर गिअर आणि शेपटीच्या पंख्याच्या बुडाशी भिंगातून बघा. आमच्या घरात निम्म्या वेळा तिथं केस निघतो, उरलेल्या वेळा गालिच्याचा धागा. चिमट्यानं ओढून काढा. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात तो बारका स्क्रू ड्रायव्हर, चिमटा, पात्यांच्या दोन जोड्या आणि एक फ्लायबार, एवढं सामान सुरुवातीला पुरे. स्क्रू काढताना खाली पांढरं फडकं अंथरा. फरशीवर पडलेला तो स्क्रू शोधण्यात माझा एक रविवार गेला आहे.

पुढचं

नाक समोर ठेवून अर्धा मिनिट थांबता यायला लागलं की एका रोटरच्या, चार चॅनेलच्या हेलिकॉप्टरकडं जा. डब्ल्यूएलटॉइजचं व्ही९११ हे त्यातलं जुनं आणि माझ्या आवडीचं. २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट, त्यामुळं उन्हाची कटकट नाही, आणि आता बाजूलाही सरकता येतं. मात्र ते दोन रोटरवाल्यासारखं स्वतःहून थांबत नाही. शेपटीचा पंखा पीळ आवरताना त्याला सतत एका बाजूला ढकलत असतो, आणि उजवा अंगठा कधीच मोकळा राहत नाही. पहिल्या दिवशी वाटेल की शिकलेलं सगळं विसरलो. इथं चार फरश्यांच्या जागी एकच फरशी धरायची.

त्याच्याही पुढं के११० सारखी, पात्यांचा कोन बदलून उलटी उडणारी हेलिकॉप्टरं आहेत. त्यांना हॉल पुरत नाही आणि त्यांची पाती बोटाला चटका देऊन सोडत नाहीत, कापतात. डोळ्यांवर गॉगल आणि आधी कॉम्प्युटरवर सिम्युलेटर, त्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. रिकामं मंगल कार्यालय तासाभरासाठी मिळालं तर उत्तम. लग्नसराई संपली की विचारून बघायला हरकत नाही.

कुणीतरी रंकाळा तलावावर उडवू म्हणतंच. तिथल्या वाऱ्यात वीतभर हेलिकॉप्टर पाण्यावर गेलं की परत येत नाही. बाहेर उडवायचंच तर ड्रोन नियम, २०२१ एकदा वाचा. २५० ग्रॅमपर्यंतचं यंत्र नॅनो गटात येतं, त्याला चालकाचा परवाना लागत नाही, पण विमानतळाजवळच्या हवाई क्षेत्राचे निर्बंध असतात, आणि आपला विमानतळ उजळाईवाडीला, शहराला अगदी लागून आहे.

भाचा सध्या आडव्या नाकावर आहे. डावी बाजू जमते, उजवी जमत नाही. काल संध्याकाळी पाच मिनिटं छान थांबवलं, मग आजीनं उकडतंय म्हणून पंखा लावला.